मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात टोळीने होणाऱ्या दुकानचोऱ्या, दोन काउंटींतल्या (जिल्ह्यांतल्या) तक्रारी एकत्र कशा करायच्या?

नमस्कार मंडळी,

माझ्या दिरांची बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, दोन किराणा दुकानं आहेत, एक सांता क्लारा काउंटीत आणि दुसरं अलामेडा काउंटीत. हिशेब आणि कागदपत्रं मी बघते. गेले काही महिने तीच तीन-चार माणसं आलटूनपालटून दोन्हीकडे येतात. एक जण काउंटरवर जाऊबाईंना बोलण्यात गुंतवतो, बाकीचे तूप, केशर, वेलची, पिस्ते पिशव्यांत भरून निघून जातात. एका खेपेला दोन-तीनशे डॉलरचा माल. कॅमेऱ्यात चेहरे स्पष्ट दिसतात. ऑनलाइन तक्रार केली की नंबर मिळतो, पुढे काही हालत नाही.

अडचण ९५० डॉलरची आहे. २०१४ च्या प्रपोझिशन ४७ (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) पासून त्या रकमेपर्यंतची दुकानचोरी सहसा किरकोळ गुन्हा धरली जाते, आणि आमची प्रत्येक चोरी त्याच्या आतच बसते. मात्र दंडसंहितेच्या कलम ४९०.४ प्रमाणे, विकण्यासाठी संगनमताने केलेल्या बारा महिन्यांतल्या चोऱ्यांची रक्कम एकत्र धरता येते. हे कलम मुदतीचं होतं, २०२४ मध्ये ते कायम झालं. त्याच वर्षीच्या एबी १७७९ (एबी म्हणजे राज्याच्या असेंब्लीतलं विधेयक) मुळे, संबंधित जिल्हा सरकारी वकिलांची संमती असेल तर वेगवेगळ्या काउंटींतले गुन्हे एकाच खटल्यात चालवता येतात. आमचं प्रकरण नेमकं हेच आहे! नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी चोरीच्या शिक्षा वाढवणारं प्रपोझिशन ३६ सुद्धा मंजूर केलं.

कुणी या वाटेने गेलं आहे का? सुरुवात पोलिसांकडून करायची की थेट सरकारी वकिलांच्या कार्यालयातून? नुकसान छापील किमतीने दाखवायचं की खरेदीच्या? एबी ३२०९ खाली शिक्षेच्या वेळी न्यायालय दोन वर्षांपर्यंत दुकानात यायला बंदी घालू शकतं, ती कुणाला मिळाली आहे का?

भुकेपोटी ब्रेडचं पाकीट उचलणाऱ्याला तुरुंगात धाडावं असं आम्हाला मुळीच वाटत नाही. दिरांनी अशांना स्वतःहून जेवण दिलं आहे. ही माणसं वेगळी आहेत, माल पुढे विकायलाच नेतात. जाऊबाई आता संध्याकाळी एकट्या दुकानात थांबायला घाबरतात, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे.

प्रतिसाद:
ताई, सॅक्रामेंटोजवळ आमचं पेट्रोल पंपाला जोडून दुकान आहे. आधी फुटेज वेगळं साठवा, रेकॉर्डर काही दिवसांनी जुनं पुसतो. दोन्ही दुकानांची मिळून एकच वही करा: तारीख, वेळ, वस्तू, दुकानातली विक्रीची किंमत, तक्रार क्रमांक. सुट्या तक्रारींतून टोळी दिसत नाही, अशा यादीतून दिसते. ती घेऊन समक्ष डिटेक्टिव्हला भेटा. हायवे पेट्रोलचं (कॅलिफोर्नियाच्या राज्य पोलिसांचं) संघटित दुकानचोरीविरोधी पथक काउंटीच्या हद्दी ओलांडून काम करतं, त्यांच्याशी जोडून द्या म्हणून स्पष्ट सांगा. एबी २९४३ मुळे चोरी पोलिसांसमोर घडली नसली तरी व्हिडिओ किंवा साक्षीदाराच्या शपथेवरच्या जबाबावरून अटक करता येते, तेव्हा तुमच्या जाऊबाईंचा जबाब आत्ताच लिहून ठेवा. आणि कुणीही त्यांच्या मागे धावू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. वही आज रात्रीच करायला घेते. अलामेडाच्या बाजूला कुणी डिटेक्टिव्हला भेटलं असेल तर भेटीची वेळ कशी मिळाली तेवढं कळवा.