पिंजऱ्यातला जिताडा म्हणजे ब्रॉयलर कोंबडी? काहीही!

खाडीकाठचा, ऐरोली
पिंजऱ्यातला मासा म्हणजे दर्यात जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेला, जसा आपला खाडीतला जिताडा. काल या ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलंय, ‘पिंजऱ्यातला मासा म्हणजे ब्रॉयलर. बारा महिने सारखाच फोफसा, ओमेगा-थ्री शून्य.’ आणि खाली अंगठ्यांची रांग! अंगठा देणाऱ्यांपैकी पिंजरा पाहिलाय किती जणांनी?

ओमेगा-थ्री म्हणजे माशातली ती चांगली चरबी. मासा ती स्वतः फारशी बनवत नाही. ते सूक्ष्म शेवाळात तयार होतं, तिथून छोट्या माशात, मग मोठ्यात. पिंजऱ्यात जे घालाल तेच मांसात उतरतं. स्कॉटलंडमध्ये पाळलेल्या सॅमन माशाच्या खाद्यात माशाच्या तेलाऐवजी वनस्पती तेल वाढवत नेलं, तर २००६ ते २०१५ मध्ये त्याचं ओमेगा-थ्री जवळपास निम्म्यावर आलं. तरीही कोंबडी-मटणापेक्षा कितीतरी जास्तच. मग दोष पिंजऱ्याचा की खाद्याचा?

आणि ‘बारा महिने सारखाच’? भूमध्य समुद्रात पाणी गार पडलं की पिंजऱ्यातला मासा खाणंच टाकतो, वाढ थंडावते. उन्हाळ्यात भराभर वाढतो. आपल्याकडे थंडीचं काही नाही, खोडा पावसाळ्याचा. उघड्या दर्यात पिंजरा पाऊस सरल्यावर टाकायचा आणि जूनच्या आत मासा काढायचा. मोजून तेवढेच महिने.

दिवाळेकर
भाषण झालं? आता आमच्या आजीचं ऐक. दिवाळीच्या सुमाराची तारली तव्यावर टाकली की स्वतःच्या तेलात तळते. अंडी टाकून रिकामी झालेली तीच तारली म्हणजे चिपाड. दर्याचं म्हावरं ते. पिंजऱ्यात खाद्याच्या गोळ्या खाणाऱ्याला ही चव कुठली?

खाडीकाठचा, ऐरोली
म्हणजे दर्यातला मासाही बारा महिने सारखा नसतो. माझंच म्हणणं आजीच्या तोंडून. आजींना नमस्कार सांग.

नेरूळची सुगरण
शास्त्र ठेवा बाजूला. ओळखीतून पेणकडचा जिताडा आणला होता, पाळलेलाच. कोकम घातलं, आलं-लसूण घातलं, चिखलाचा वास जाईना. नवऱ्याने ताट सरकवलं. तेव्हापासून पाळीव मासा घरात बंद.

खाडीकाठचा, ऐरोली
ताई, तो तळ्यातला. तो वास जिओस्मिनचा, तळ्यातले जिवाणू आणि शेवाळ तो तयार करतात आणि माशाच्या चरबीत जाऊन बसतो. विकण्याआधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला की जातो. दर्यातल्या पिंजऱ्याला ही भानगडच नाही.

पेणचा पाहुणा
ओ, तळ्यातला म्हणजे काय? आमच्या खारातल्या जिताड्याला नावं ठेवता? रायगडात साहेबाकडून काम काढायचं तर जिताडा जातो, पापलेट नाही! ताईंना कुणीतरी भलताच मासा गळ्यात मारला.

नेरूळची सुगरण
जिताडा मला ओळखता येतो. माहेर उरणचं आहे.

पेणचा पाहुणा
उरणकरांना काय कळतो जिताडा! ताज्या खाऱ्या पाण्याची ये-जा असलेल्या तळ्यातला खाऊन बघा, मग बोला. बंद डबक्यातला आणायचा आणि पेणला शिव्या.

नेरूळची सुगरण
डबकं पेणचंच होतं.

दिवाळेकर
तुमचं भांडण चालू द्या. खाडीकाठच्या, एक किलो जिताडा तयार व्हायला खाद्य किती घालतोस ते सांग.

खाडीकाठचा, ऐरोली
ओलं बारीक म्हावरं घातलं तर चार-पाच किलो. गोळीखाद्यावर दोनेक किलो.

दिवाळेकर
आणि गोळीत काय असतं? त्याच तारलीची भुकटी! आधीच मोठ्या घेराचं जाळं टाकणारे पर्ससीनवाले आणि दिव्यांनी मासा ओढणारे एलईडीवाले रात्रीत दर्या उपसतात. २०१७ ला एलईडीवर बंदी आली, तरी क्षितिजावर दिवाळी दिसतेच. आमच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्लं. तीही दळून तुझ्या पिंजऱ्यात जाणार, आणि वर तू आम्हाला ओमेगा शिकवणार.

खाडीकाठचा, ऐरोली
हा मुद्दा बरोबर आहे. घे, लिहून दिलं, फ्रेम करून लाव. म्हणून तर खाद्य बदलायला हवं. पिंजरा मोडून तारली वाढणार आहे का?

नेरूळची सुगरण
जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मिळेल का हा पिंजऱ्यातला? तेवढंच सांगा.

खाडीकाठचा, ऐरोली
दर्यातला नाही. खाडीच्या आत ठेवला तर मिळेल, पावसाने पाणी गोडं झालं तरी जिताडा तगतो.

दिवाळेकर
कुठली खाडी? आपली? कारखान्यांचं पाणी पिणारी? पहिला तुकडा तू खा, आम्ही बघतो.