धुकं, मावठा आणि स्टीलची सायकल : गंजापासून कशी वाचवू?

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते. तीन वर्षं पैसे साठवून गेल्या दिवाळीत क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलच्या फ्रेमची सायकल घेतली. रोज सकाळी जनकगंजहून मुरारला शाळेत शिकवायला जाते, रविवारी जमलं तर तिघऱ्याच्या धरणापर्यंत.

डिसेंबर सरता सरता इथे असं धुकं पडतं की फूलबाग येईपर्यंत भुवयांवर पाणी जमतं. त्यात रस्ते ठिकठिकाणी खणलेले. ती धूळ ओलाव्यात कालवली जाते आणि चेनवर करडा लेप बसतो. बोटांत चोळला की वाळूसारखा करकरतो. शाळेत पुसायला वेळ मिळत नाही, संध्याकाळपर्यंत तो वाळून घट्ट होतो. परवा मावठा पडला आणि दुसऱ्या सकाळी कड्यांवर नारिंगी पूड! पोटात खड्डाच पडला माझ्या.

महिन्यापूर्वी एका दुकानात धुवायला दिली होती. मोटारसायकली धुतात त्याच जोराच्या फवाऱ्याने धुतली त्यांनी. तेव्हापासून मागचं चाक फिरवलं की खरखर येते. सीटची नळीही जाम झाली आहे. खालच्या नळीवर खडी उडून दोन ठिकाणी रंगाचा टवका गेलाय.

रात्री वाड्याच्या चौकात प्लास्टिक घालून ठेवते. रोज दहा मिनिटं देऊ शकते, त्याहून जास्त नाही. त्या दहा मिनिटांत नेमकं काय करू?

प्रतिसाद :

ताई, आधी ते प्लास्टिक काढा. खालचा ओलावा आतच कोंडतो. सायकल जिन्याखाली ठेवा आणि वर सुती चादर टाका.

खरखर म्हणजे हबमध्ये, चाकाच्या मधल्या तुंब्यात, पाणी शिरलंय. हब उघडून छर्रे रॉकेलने धुवून घ्या, खड्डे पडलेले असतील तर बदला, नवं ग्रीस भरा. हे लांबवू नका, नाहीतर छर्रे बसतात ती वाटीच खराब होते. सीटची नळी बहुतेक ॲल्युमिनियमची असेल. स्टीलच्या फ्रेममध्ये ती बिनग्रीसची राहिली आणि पाणी लागलं की धरतेच. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. पाइप लावून पिळू नका, फ्रेम जाईल.

दहा मिनिटांतली आठ चेनला द्या. कोरड्या फडक्यात धरून पेडल उलटं फिरवा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या आतल्या रोलरवर ओल्या हवेसाठीच्या चेन-ऑइलचा एकेक थेंब. सकाळी निघताना वरचं तेल पुसा. बाहेर राहिलेलं तेलच धूळ धरतं. चेनच्या बारा पूर्ण जोड्या (एक आतली नि एक बाहेरची कडी मिळून एक जोडी) बारा इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच वाढली असेल तर चेन बदला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्या वाचतील.

टवक्यांवर बारीक पॉलिशपेपर मारा, पुसून कोरडं करा, नेलपॉलिशचे दोन हात द्या. आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवाच.

मूळ धागाकर्ती :

खूप आभार! सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं केलं, पहिल्याच दिवशी काळंकुट्ट झालं. टवके बुजवले, मडगार्ड बसवले. हब उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी तांबूस पाणी निघालं, अकरा छर्रे बदलावे लागले. आता खरखर नाही. सीटची नळी मात्र तीन रात्री तेल सोडूनही हलत नाहीये. आणखी किती दिवस थांबू, की थेट मेकॅनिककडे नेऊ?