गिफ्टांचा खर्च आवाक्यात कसा आणायचा? कुणाचं मन न दुखवता

रिमझिम_पाऊस:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. आमचा गोतावळा मोठा आहे, माहेरची सासरची भावंडं, त्यांची मुलं, ऑफिसातले, मैत्रिणी, शिवाय मुलीच्या वर्गातल्यांचे वाढदिवस. मागच्या आठवड्यात वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढलं आणि गिफ्टच्या प्रत्येक खर्चावर पिवळा हायलायटर मारत गेले, काही पानं तर जवळजवळ पिवळीच झाली. बेरीज बघून छातीत धस्स झालं. त्याहून वाईट म्हणजे त्यातल्या निम्म्या वस्तू काय होत्या तेच आठवेना. मला द्यायला मनापासून आवडतं, हात आखडता घ्यायचा नाहीये, पण हे असं चालणार नाही. तुम्ही कसं जमवता? आणि घरच्यांना सांगायचं कसं, तेच जास्त अवघड वाटतंय.

वहीत_लिहितो:
ताई, हायलायटर मारलात तिथेच अर्धं काम झालं. आता त्याच स्टेटमेंटवर बघा की कुठली वस्तू आदल्या दिवशी संध्याकाळी घेतलीये. माझ्याकडे तरी सगळ्यात महाग खरेदी तीच असायची, कारण दुकान बंद व्हायला आलेलं, काही सुचत नाही, आणि मग सुचत नाही म्हणून आपण जरा भारीतलं उचलतो.

मी एक साधी वही ठेवलीये. एका बाजूला कुणाला कधी काय दिलं आणि दुसऱ्या बाजूला माणसं बोलता बोलता काय म्हणतात ते. बहीण एकदा फोनवर सहज म्हणाली की टेबललॅम्पची मान सैल झालीये, पुस्तकांचा टेकू देऊन वाचते. लिहून ठेवलं. चार महिन्यांनी तिच्या वाढदिवसाला साधासाच लॅम्प दिला, घट्ट मानेचा, तर तिने तो हातात धरून मान दोनदा वरखाली केली आणि म्हणाली, तुझ्या लक्षात होतं होय? त्याआधीच्या वर्षी तिप्पट किमतीची बॅग दिली होती, ती अजून खोक्यात आहे.

पैशांचं म्हणाल तर वर्षाचा जो आकडा तुम्हाला झेपेल तो ठरवा, त्याला १२ ने भागा आणि तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. त्यातूनच घ्यायचं. क्रेडिट कार्डावर गिफ्ट घेऊन नंतर व्याज भरण्यात काहीच राम नाही.

आकडेमोड:
वरच्या बॅगेच्या किश्श्यावरून आठवलं. २००९ साली फ्लिन आणि अ‍ॅडम्स या दोघांचा यावर अभ्यास आला होता. देणाऱ्यांना वाटत होतं की जितकं महाग तितकं समोरच्याला जास्त आवडेल, पण घेणाऱ्यांच्या आवडीचा किमतीशी तसा संबंध दिसला नाही. त्याच्याही आधी १९९३ मध्ये वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं की मिळालेल्या भेटींसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते, तर उत्तरं खऱ्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपासून अगदी एक तृतीयांशापर्यंत कमी आली. म्हणजे तेवढे पैसे कुणाच्याच कामी आले नाहीत. मी तर आता सरळ विचारतो, काय हवंय सांग. सुरुवातीला संकोच वाटला पण लोक खूश होतात हो.

धाकटी_सून:
घरच्यांचं मी सांगते. आम्ही आठ मोठी माणसं, प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हणजे वर्षाला ५६ गिफ्टं! हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. मग चिठ्ठ्या टाकल्या, एकाने एकालाच द्यायचं, ५६ ची ८ झाली. आणि मुलांना यातून वगळलं, त्यांना सगळे देतात. दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे हा विषय ऐन तोंडावर काढू नका, तोवर कुणीतरी आधीच खरेदी केलेली असते आणि मग ते दुखावतात. दुसरं, आधी अशा एका माणसाशी एकटीने बोला ज्याचं घरात ऐकतात. मी मोठ्या जाऊबाईंशी बोलले होते, त्यांनाच हे ओझं माझ्यापेक्षा जास्त होत होतं आणि त्यांनीही इतकी वर्षं मनातच ठेवलेलं.

खण_रिकामा:
सेलमध्ये आधीच घेऊन ठेवा असं कुणी सांगेल, त्यावर थोडं. मी तीन वर्षं ते केलं. कपाटाचा एक अख्खा खण भरला, भाच्यासाठी घेतलेला शर्ट द्यायची वेळ आली तोवर त्याला तोकडा होत होता, विजेच्या वस्तूची वॉरंटी मी घेतली त्या दिवसापासून मोजलेली आणि बदलून घ्यायची मुदत कधीच संपलेली. आता नियम एकच, पिशवीवर नावाची चिठ्ठी लावता येत नसेल तर स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही.

आणि आपल्याला आलेली नवी वस्तू पुढे द्यायला माझी हरकत नाही, ज्याला देतोय त्याच्या खरंच उपयोगाची असली तर. फक्त कुणी दिली ते वहीत लिहा आणि खोकं उघडून आत जुनं कार्ड राहिलंय का ते बघा, हे अजिबात विसरू नका.

रिमझिम_पाऊस:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! काल रात्री नणंदेला फोन केला, आवंढा गिळूनच विषय काढला, तर ती म्हणाली, "वहिनी, बरं झालं तू बोललीस, मी दरवेळी उसनवारी करून आणते गं." मला हे माहीतच नव्हतं, फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. चिठ्ठ्यांना ती तयार आहे, मोठ्या दिरांशी तीच बोलणार आहे. वही आजच आणली, आणि पहिल्याच पानावर तिचं नाव लिहिलं, कारण बोलता बोलता ती म्हणाली होती की छत्रीची एक काडी तुटलीये.