गच्चीवरचं सोलर : आधी सामाईक मीटर (घरकुल सोसायटी ग्रुप)

खजिनदार (बी-२०२): सामाईक मीटरचं बिल ३,२०० आलंय. नुसती मोटर आणि जिन्याचे दिवे. राहिलेला मेंटेनन्स १० तारखेपर्यंत द्या.

मावशी (ए-००१): ताई, या महिन्यात जमायचं नाही. धुण्याभांड्याचं एक काम सुटलंय.

खजिनदार: सवडीनं द्या मावशी.

सचिव (ए-३०१): म्हणूनच सोलरचा विषय रविवारच्या मीटिंगला घेतोय. माझं म्हणणं, आधी सामाईक मीटरवर घ्यायचं, घरोघरी नको. आपल्यातली बरीच घरं १०० युनिटांच्या आत आहेत, तिथं दर कमी. कर्ज काढून पॅनेल बसवून त्यांचं वाचणार किती? सामाईक मीटर मात्र महिन्याला ३०० युनिटं खातोय आणि १०० च्या पुढं दर एकदम चढतो. ती महागडी युनिटं वाचवूया. मेंटेनन्स कमी झाला की मावशींना सगळ्यात जास्त आधार होईल.

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी ४ युनिटं मिळतात. आपल्याला ३ किलोवॅट पुरे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागं १८,००० अनुदान आहे, म्हणजे ५४,०००.

मामा (ए-३०२): पावसाळ्यात कोल्हापुरात ऊन दिसतंय कुठं?

सचिव: मामा, एप्रिल-मे मधली जादा युनिटं वीज कंपनीच्या लाइनीत जातात आणि नेट मीटरिंगमुळं, म्हणजे दिलेल्या-घेतलेल्या विजेच्या हिशेबानं, पुढच्या बिलांत वळती होतात. पण बिल शून्य होणार असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, स्थिर आकार भरावाच लागतोय.

बी-३०१: लाइट गेली तर मोटर चालंल न्हवं?

सचिव: नाही. बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर लाइनवरच्या वायरमनला शॉक बसंल.

वहिनी (बी-३०२): टाकीच्या कडेला पॅनेल नको. मी चारला कपडे काढायला जाते तेव्हा टाकीची सावली पूर्वेच्या कठड्याला टेकलेली असते. आणि वाळवणाला जागा सोडा.

सचिव: बरोबर वहिनी. एका पॅनेलवर सावली आली तरी जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटते. जिन्याच्या दक्षिणेला लावू.

मामा: पॅनेलची वीज वापरायजोगी करणारा इन्व्हर्टर मीटरखोलीत नको. २०१९ आणि २०२१ ला तिथं पुराचं पाणी होतं.

सचिव: वरच्या जिन्यातच घेऊ.

खजिनदार: खर्च दीड लाख धरला तर अनुदान वजा जाता ९६,०००. २४ घरांना प्रत्येकी ४,०००. मावशींनी एकदम कुठनं आणायचे? आणि अनुदान काम झाल्यावर जमा होतंय, आधी सगळे पैसे घालावे लागणार.

सचिव: वर्गणी कुणाकडनंच नको. ठराव करून दुरुस्ती निधीतनं भरू आणि बिलात वाचतील ते दरमहा निधीत परत टाकू.

ए-१०२: गावाकडं स्वतःचं छत असलेल्यांना सांगा, दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याच्या स्मार्ट योजनेत १ किलोवॅटला फक्त २,५०० भरायचे आहेत.

मावशी: माझ्या भावाला कळवते. मीटिंग किती वाजता?

खजिनदार: सहाला. वर्षाची सगळी बिलं घेऊन येते.