खाद्य, दिवा आणि खुडूक कोंबडी : अंडी नेमकी कशाने वाढतात?

माळरान
काल इथे एका सभासदाने ठामपणे लिहिले की, गावठी कोंबडीला उत्तम खाद्य आणि रात्री दिवा दिला तर तीही वर्षाला तीनशे अंडी देईल. जातीच्या गप्पा हा पिल्ले विकणाऱ्यांचा प्रचार आहे. असले लेखन वाचून लोक कर्ज काढून शेड उभारतात, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते, गावठी साठच्या आसपास पोहोचते आणि व्हाइट लेगहॉर्न या भरपूर अंडी देणाऱ्या जातीपासून घडवलेल्या व्यापारी कोंबड्या तीनशेच्या पुढे जातात. पहिले अंडे कधी येणार, सलग किती दिवस येणार, मध्ये खंड किती पडणार, या प्रत्येक गोष्टीत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. प्रकाशाचे म्हणाल, तर 2010 साली जनुकसंचाच्या एका मोठ्या अभ्यासात थायरॉइडशी संबंधित एका जनुकातला बदल जवळपास सर्वच पाळीव कोंबड्यांत सापडला, आणि ठरावीक हंगामातच अंडी घालण्याचे बंधन सैल होण्याशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते. तरीही गावठी कोंबडी साठावरच अडते, याचे एक मोठे कारण म्हणजे ती पंधरा-वीस अंडी घालून खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसते. तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडाशय आक्रसते आणि पुढे कित्येक आठवडे अंडे येत नाही. लेगहॉर्नमध्ये हा दोष पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीसा केलेला आहे.

डालगे
खुडूक होण्याला आपण ‘दोष’ म्हणता, हे वाचून संताप आला. आमच्या घरी आई पाटीत भुसा पसरून, प्रत्येक अंडे उन्हाकडे धरून पारखून कोंबडीखाली ठेवत असे, आणि त्या एका खुडूक कोंबडीवर पुढच्या वर्षीचे सगळे खुराडे उभे राहत असे. नंतर एका योजनेतून सुधारित पिल्ले आली. अंडी भरपूर मिळाली, हे मी नाकारत नाही. पण त्यांतली एकही बसली नाही, आणि कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यावर अंगण रिकामे झाले. पुन्हा पिल्ले विकत घ्या! वर्षाचा हिशेब मांडताना हा खर्च आपण कुठे धरता?

माळरान
माझा मुद्दा संख्येचा होता, अंगणाच्या अर्थशास्त्राचा नव्हता. बसणारी कोंबडी आणि तीनशे अंडी या दोन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात मागणे म्हणजे शरीरधर्माशी भांडणे आहे.

पशुवैद्य
दोघेही कोंबडीवरच बोलत आहात, कोंबड्याचे नाव कुणीच काढत नाही. कोंबडा अंडे घालत नसला तरी त्याच्या मुलींची निम्मी जनुके त्याचीच असतात. त्यांचे एकमेव झेड गुणसूत्र (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी एक) तर पूर्णपणे बापाकडूनच येते. आपल्याकडे मात्र आखाडाला आणि जत्रेला सर्वांत दणकट कोंबडा कापला जातो, आणि जो उरेल तो खुराड्याचा बाप होतो. भरपूर अंडी देणाऱ्या आईचा नर राखून ठेवण्याची साधी शिस्त आपण पाळत नाही आणि मग ‘गावठीत दम नाही’ म्हणतो, याची मला मनापासून चीड आहे.

डालगे
हे मात्र अगदी खरे आहे, डॉक्टर. पण मग सरळ सांगा, खुडूकपणाचे एक जनुक बंद करून काम भागत नाही का?

पशुवैद्य
नाही. प्रोलॅक्टिनच्या जनुकाच्या नियंत्रक भागातल्या डीएनएच्या चोवीस अक्षरांच्या एका फरकाचा काही जातींत खुडूकपणाशी संबंध दिसला, तर इतर जातींत तो टिकला नाही. माळरान यांनाही एक गोष्ट ऐकवतो. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी एकेकटी कोंबडी निवडण्याऐवजी अख्ख्या पिंजऱ्याच्या कामगिरीवरून निवड केली, तेव्हा एकमेकींच्या टोचण्याने मरण्याचे प्रमाण झपाट्याने घटले आणि अंडीही वाढली. सर्वाधिक अंड्यांची कोंबडी अनेकदा शेजारणीच्या जिवावर ती अंडी घालत असते. केवळ आकडा पाहून निवड करणे हे अर्धवट शास्त्र आहे.

माळरान
मान्य करतो, कारण नाकारण्यासारखे काही उरलेले नाही. पण यातले काहीही खाद्य आणि दिव्याने घडत नाही, हे तरी कालच्या सभासदाने मान्य करावे.

डालगे
त्यांनी केले तरी माझा प्रश्न तसाच राहतो. सुधारित संकराची अंडी गावठीखाली उबवली तरी पुढच्या पिढीत ते गुण विखुरतात. म्हणून न बसणारी कोंबडी गावात देणाऱ्याने तिच्या पुढच्या पिल्लांची सोयही त्याच वेळी सांगावी.