विषय: पुन्हा: पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील द्राक्षे तुडवण्याची सहल, तारीख आणि बसची आगाऊ रक्कम

सप्रेम नमस्कार,
पिन्यांव गावच्या किंतामालकांचे (द्राक्षमळ्याच्या मालकांचे) उत्तर आले आहे. द्राक्षांतील साखरेचे माप मनासारखे येईपर्यंत तारीख सांगता येणार नाही, आणि सांगितल्यानंतरही फार तर चार दिवसांची मुदत मिळेल, असे त्यांनी स्पष्ट कळवले आहे. बसवाल्याला मात्र आगाऊ रक्कम याच आठवड्यात, पक्क्या तारखेसह हवी आहे. तरी नावे दिलेल्या सर्वांनी सप्टेंबरचे शेवटचे दोन्ही शनिवार मोकळे ठेवावेत, ही विनंती.
– चिटणीस

चिटणीसताई,
गिमराइशच्या सहलीत ऐनवेळी गळालेल्यांची वर्गणी अजून वसूल व्हायची आहे, हे येथे पुन्हा सांगायला नको. तारीख नक्की झाल्याशिवाय मी रक्कम देणार नाही, आणि तो निर्णय कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवलेला आहे. एवढा मोठा मळा असताना पाहुण्यांसाठी डोंगरउताराच्या एक-दोन टप्प्यांवरची द्राक्षे राखून ठेवायला त्यांची हरकत का असावी?
– खजिनदार

खजिनदारसाहेब,
द्राक्षे अशी राखून ठेवता येत नाहीत. माझे माहेर निफाड तालुक्यातले. आमच्याकडे एप्रिलच्या सुमारास नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी गोडी छाटणी होते, आणि गोडी छाटणीपासून दिवस मोजून व्यापाऱ्याला अंदाज देता येतो. तरीही वडील साखर मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावल्याशिवाय कोणाला कात्री हातात घेऊ देत नसत. येथे वेल हिवाळाभर निजलेला असतो, आणि एकाच डोंगरावर नदीकाठचा टप्पा आधी पिकतो, माथ्याचा मागून.
शिवाय तुडवायची घाई हौसेची नाही. पोर्ट वाइनचे किण्वन दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर शिल्लक असताना, सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचे द्राक्षांचे स्पिरिट घालून थांबवतात, त्यामुळे सालीचा सारा रंग तेवढ्याच अवधीत रसात उतरवावा लागतो. पायाखाली साल फाटते, पण बी फुटत नाही, म्हणून कडवटपणा येत नाही. दिवसभर खुडलेला माल संध्याकाळी दगडी लागारात (तुडवायच्या उथळ टाकीत) पडला की रात्रीच त्यात उतरायचे असते. बसवाल्याला परतीची वेळ सांगताना हेही सांगावे.
– सभासद, ब्रागा

बसच हवी असा हट्ट कशासाठी? पोर्तोहून पिन्यांवला थेट रेल्वे आहे, तिकीट आदल्या दिवशीही मिळते, आणि पिन्यांव स्थानकावरच्या निळ्या फरशांवर द्राक्षांच्या हंगामाचीच चित्रे असल्यामुळे जाणाऱ्यांचा वेळही कारणी लागेल. आगाऊ रकमेचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटतो.
– माजी सहलप्रमुख

आपण मागच्या मेलमधील ‘रात्रीच’ हा शब्द वाचलेला दिसत नाही. लागारातून बाहेर येईपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असेल, आणि लहान मुलांसह रात्र फलाटावर काढण्यास मी तरी तयार नाही. सहलीची जबाबदारी या वर्षी आपल्याकडे नाही, हेही नम्रपणे नमूद करते.
– चिटणीस

पायाने तुडवलेले प्यायला माझी काहीच हरकत नाही. मात्र दोन्ही शनिवार पितृपक्षात येत असतील, तर आमच्या घरून कोणी येणार नाही.
– ज्येष्ठ सभासद

लेझीम पथकाला लागारात दहा मिनिटे मिळावीत, अशी सूचना आली होती. मी तुडवण्याचे काम पूर्वी केले आहे, म्हणून लिहितो. आधी ‘कोर्त’ असतो: खांद्याला खांदा लावून रांगेने उभे राहायचे आणि मुकादमाच्या हुकमाबरोबर मांडीपर्यंतच्या थंड, जड लगद्यातून एकेक पाऊल उपसायचे. हे सुमारे दोन तास चालते आणि त्यात गप्पासुद्धा चालत नाहीत. त्यानंतरच ‘लिबरदाद’ (मोकळीक) पुकारतात, अकॉर्डियन वाजू लागते आणि वाटेल तसे नाचता येते. पाहुण्यांना बहुधा तेव्हाच घेतात, त्यामुळे लेझीम झालेच तर तेव्हा. ज्या लागारात किण्वन सुरू झाले आहे, तेथे मात्र मुलांना उतरवू नये. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असून तो पृष्ठभागालगत, म्हणजे नेमका त्यांच्या तोंडाशी साचतो.
– सभासद, व्हिला रेआल

दादा, लेझीम लोखंडी आहे, ती रसात बुडालेली मालकांना चालेल का, ते आधी विचारा. पायांचा रंग साबणाने जात नाही. नखांच्या कडांत आणि टाचांच्या भेगांत तो बरेच दिवस राहतो. ज्यांना सोमवारी कार्यालयात उघड्या चपला घालून जायचे असेल, त्यांनी तेवढा विचार करावा.
– सभासद, ब्रागा