कोविडकाळातील तुरुंगांतील लेखन आणि कला: काय घ्यावे, काय गाळावे?

रामबागकर
इंदूरच्या आमच्या वाचक मंडळात पुढील महिन्यात मला या विषयावर वीस मिनिटे बोलायचे आहे. मार्च २०२० मध्ये कैद्यांच्या भेटी बंद झाल्या आणि २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले, इथपर्यंत टिपणे झाली आहेत. पण कैद्यांनी शिवलेले मास्क, त्यांची गाणी, पत्रे आणि उपोषणे हे सारे एकाच माळेत ओवावे का?

सराफ्याजवळचा
माझ्या मते ओवू नये. मास्क तुरुंगाच्या सांगण्यावरून शिवले गेले. ते उपयोगी काम होते, अभिव्यक्ती नव्हे. याउलट शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगातील कैद्यांनी एप्रिल २०२० मध्ये खिडकीला आतून फलक लावून, आम्हीही माणसे आहोत, मदत करा, अशा अर्थाचे शब्द रस्त्यावरच्यांना दाखवले. ते करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि कसोटी हीच असावी.

जुनी_इंदूरकरीण
रामबागकरताई, इतकी सरळ रेघ मारता येईल असे मला वाटत नाही. माझा मावसभाऊ त्या वर्षी कच्चा कैदी होता. कोणत्या तुरुंगात, ते इथे लिहीत नाही. भेटी बंद असताना त्याचे एक आंतरदेशीय पत्र आले, त्यात साबण आणि बनियन मागितले होते आणि दोन ओळींवर काळी शाई फिरवलेली होती. मात्र समासात त्याने पेन्सिलीने काढलेली बराक तशीच राहिली होती: चेहरे नाहीत, नुसते झोपलेल्यांचे पाय, एकमेकांना खेटून. मावशीने चष्मा लावून ते मोजले, ८८ भरले. तपासणाऱ्याला ते चित्र वेळ घालवण्यासाठी काढलेले वाटले असावे. ही कला म्हणायची की तक्रार?

पोथीवाला
एक विनंती. आपल्याकडे हा विषय निघाला की पहिली पाच मिनिटे १९३३ च्या नाशिक तुरुंगात आणि साने गुरुजींनी तिथे लिहिलेल्या ‘श्यामची आई’त जातात (मीही दोनदा तेच केले आहे). या वेळी थेट २०२० ला यावे. कंपवातामुळे पेला धरता न येणाऱ्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना (आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे ख्रिस्ती धर्मगुरू) तळोजा तुरुंगात नळीच्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःपेक्षा सहकैद्यांविषयीच अधिक लिहिले: कोण कोणाला जेवायला मदत करतो, कोण आंघोळ घालतो. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहतच ते गेले. त्या पत्रात घोषणा शोधू नका; कोण कोणाची शुश्रूषा करत होते, तेच वाचून दाखवा.

रामबागकर
आभार. मास्क एका वाक्यात उरकते आणि सुरुवात पायांच्या चित्रापासून करते. मावशींना विचाराल का, ते पडद्यावर दाखवले तर चालेल?

जुनी_इंदूरकरीण
विचारले. चालेल म्हणाली, फक्त पत्त्याची बाजू झाका.